हिपॅटायटिसचं औषध मला लागू पडेल का? रक्ताच्या रिपोर्टांविषयी बायका विचारतात ते प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या कितीतरी बायकांना आपल्या रक्तात हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा विषाणू) आहे हे पहिल्यांदा कळतं ते गरोदरपणात नाव नोंदवताना. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, आणि हातात कागद येतो: ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’. मग मुंबई-कोल्हापूरला रक्त पाठवलं जातं. रिपोर्टवर मोठमोठे आकडे येतात आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधून अर्धंमुर्धं वाचतं. हे पान त्या आकड्यांसाठी आहे. औषध लागू पडेल का, पडतंय का, कधी थांबवता येईल, हे कोणता आकडा सांगतो आणि कोणता सांगत नाही, ते इथे वाचा. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या.

तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवलं आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला. आता लगेच गोळ्या सुरू होणार का?

त्या एका रिपोर्टवरून नाही. एचबीएसएजी हा विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा अंश. तो सापडला म्हणजे विषाणू शरीरात आहे, एवढंच कळलं. तो किती आहे, यकृताला त्रास देतोय का, बाळापर्यंत जाण्याची शक्यता किती, हे कळायला पुढच्या तपासण्या लागतात: एचबीव्ही डीएनए म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे), एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण), एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतो; रिपोर्टवर एएलटी असंही लिहितात) आणि प्लेटलेट.

गरोदरपणात दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला आईच्या यकृताचा: तिला स्वतःसाठी उपचार हवेत का? दुसरा बाळाचा: आईचं यकृत ठणठणीत असलं तरी बाळाला वाचवण्यासाठी औषध हवं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हायरल लोड देतो. तो २,००,००० आययू (मोजण्याचं एकक) प्रति मिली किंवा त्याहून जास्त असेल, तर शक्यतो दुसऱ्या तिमाहीपासून निदान बाळंतपणापर्यंत टेनोफोव्हिर या विषाणू दाबणाऱ्या औषधाची गोळी द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. व्हायरल लोडची सोय नसेल तर एचबीईएजीवरून अंदाज घेतात, कारण तो पॉझिटिव्ह असलेल्या बाईचा व्हायरल लोड बहुधा जास्तच असतो. बाळाला काहीच संरक्षण दिलं नाही, तर एचबीईएजी पॉझिटिव्ह आईकडून १००पैकी ७० ते ९० बाळांना लागण होते. निगेटिव्ह आईकडून १० ते ४० बाळांना. २०२४ साली संघटनेने आणखी एक पाऊल पुढे टाकलं: यांपैकी एकही तपासणी करता येत नसेल, तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला ही गोळी द्यावी. मंडणगड किंवा दोडामार्गच्या आतल्या गावातल्या बाईला हे ठाऊक असायला हवं. रिपोर्ट यायला महिना लागतोय म्हणून दुसरी तिमाही निघून जाऊ देऊ नये.

गोळी घेतली म्हणजे बाळ सुरक्षित ना?

गोळी एकटी पुरत नाही. बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळालीच पाहिजे. सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो १२ तासांच्या आत. लस सरकारी दवाखान्यात असते. इम्युनोग्लोब्युलिन मात्र प्रत्येक ठिकाणी तयार ठेवलेलं नसतं, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा: इथे मिळेल का, नाहीतर कुठून आणायचं? बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर सगळे रिपोर्ट बरोबर न्या आणि तिथल्या सिस्टरला पहिल्याच भेटीत दाखवा. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच टप्प्याची. नववा महिना लागला की बाई माहेरी जाते आणि फाइल सासरच्या कपाटात राहते.

एवढी धावपळ का, तर जन्माच्या वेळी लागण झालेल्या १० बाळांपैकी ९ बाळांत विषाणू कायमचा ठाण मांडतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर असं १००पैकी पाचांच्याही वाट्याला येत नाही.

अंगावर पाजायला हरकत नाही. केवळ या कारणासाठी सिझेरियनची गरज नाही. लसीचे पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून होतात. बाळ ९ ते १२ महिन्यांचं झालं की त्याचा एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (विषाणूपासून संरक्षण देणारी प्रतिपिंडं) तपासून घ्या. त्याआधी घाई केली तर रिपोर्ट चकवू शकतो.

माझा एसजीपीटी ३२ आहे. लॅबच्या कागदावर ४०पर्यंत नॉर्मल लिहिलंय. मग डॉक्टर पुन्हा तपासा का म्हणतात?

कारण कागदावरची ती मर्यादा तुमच्यासाठी बांधलेली नाही. अनेक लॅब पुरुष आणि बाई दोघांनाही एकच आकडा लावतात. जुन्या मर्यादा ठरवताना ज्यांचं रक्त घेतलं, त्यांच्यात यकृतावर चरबी असलेली माणसंही होती, त्यामुळे ‘नॉर्मल’चा पट्टा वर सरकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शनात वरची मर्यादा पुरुषांसाठी ३० आणि बायकांसाठी १९ आहे. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने बायकांसाठी २५ धरली आहे. दोन्ही हिशेबांनी तुमचा ३२ हा वाढलेलाच आहे.

याचा औषधाशी थेट संबंध आहे. व्हायरल लोड २,०००च्या वर आणि एसजीपीटी मर्यादेच्या वर, असं एकत्र असेल तर उपचार सुरू करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं तेच मार्गदर्शन सांगतं. म्हणजे व्हायरल लोड तेवढा असेल, तर लॅबची ४०ची रेघ धरल्यास तुम्ही ‘फक्त लक्ष ठेवा’ या यादीत जाता, आणि बाईसाठीची रेघ धरली तर उपचारांच्या यादीत येता. रक्त तेच, बाईही तीच. म्हणून कागदावर आकड्याशेजारी ठळक खूण नाही एवढ्यावर समाधान मानू नका. डॉक्टरांना सरळ विचारा: “बाईच्या मापाने हा वाढलेला आहे का?”

एकदाच आलेल्या ३२वरून धसका घेण्याचंही कारण नाही. वजन वाढलेलं असणं, यकृतावरची चरबी, थायरॉइड, काही औषधं यांनीही तो चढतो. आठवडे-महिन्यांच्या अंतराने पुन्हा केलेल्या तपासणीतही तो वर राहिला, तर त्याला वजन येतं.

औषध लागू पडेल की नाही हे सुरू करण्याआधीच रक्तावरून कळतं का?

कुठलं औषध, त्यावर अवलंबून आहे.

टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरच्या गोळ्या नेमाने घेतल्या तर जवळजवळ प्रत्येकीत विषाणूची वाढ दबते, त्यामुळे ‘लागू पडेल का’ हा प्रश्न फारसा उरत नाही. रक्त सांगतं ते किती वेळ लागेल याबद्दल. सुरुवातीचा व्हायरल लोड कोटींच्या घरात आणि एचबीईएजी पॉझिटिव्ह असेल तर वर्षापेक्षा जास्त काळ लागू शकतो. विशीतल्या अनेक बायकांत व्हायरल लोड प्रचंड आणि एसजीपीटी अगदी कमी असतो. शरीराने अजून विषाणूशी झुंज सुरूच केलेली नसते. अशा वेळी एचबीईएजी जाऊन त्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार होण्याची शक्यता कमी. एसजीपीटी वाढलेला असताना औषध सुरू झालं तर ती शक्यता जास्त.

पेगिलेटेड इंटरफेरॉनचं तसं नाही. ही इंजेक्शनं आठवड्यातून एकदा, ४८ आठवडे घ्यायची असतात, त्रासही बराच होतो आणि फायदा थोड्याच जणींना होतो. तिथे आधीच अंदाज घेणं फार मोलाचं. एसजीपीटी वाढलेला, व्हायरल लोड तुलनेने कमी आणि विषाणूचा जनुकप्रकार ए असेल तर आशा जास्त. आपल्याकडे डी आणि ए हे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात, आणि डी इंटरफेरॉनला कमी दाद देतो. एचबीईएजी पॉझिटिव्ह रुग्णांत पुरुषांपेक्षा बायकांना इंटरफेरॉन थोडं बरं लागू पडल्याचंही दिसलेलं आहे.

पण इथला खरा उपयोगाचा आकडा १२व्या आठवड्यात मिळतो: एचबीएसएजी किती आहे याचं मोजमाप. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पुरत नाही. एचबीईएजी निगेटिव्ह आणि जनुकप्रकार डी असलेल्या बाईत १२ आठवड्यांनी एचबीएसएजी जराही उतरला नसेल आणि व्हायरल लोडही शंभर पटींनी कमी झाला नसेल, तर पुढची ३६ आठवडे इंजेक्शनं घेण्यात अर्थ नाही. थांबवून गोळ्यांवर यायचं. हा नियम बाईला आठ-नऊ महिन्यांच्या फुकटच्या त्रासातून वाचवतो, म्हणून इंटरफेरॉन सुरू करतानाच १२व्या आठवड्याची तपासणी ठरवून घ्या. गरोदरपणात इंटरफेरॉन देत नाहीत. लवकरच मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा.

“गोळ्यो घेतंय, पण आजार कमी होता काय नाय ता कसा कळतला?”

मालवण-कुडाळकडच्या बायका हा प्रश्न असाच विचारतात. याचं उत्तर अंगाला कळत नाही, कारण आधीही काही त्रास नव्हता. ते व्हायरल लोडच देतो, आणि तोही एका रिपोर्टमध्ये नाही. किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे एकदाच पाहिलं तर भरती आहे की ओहोटी हे सांगता येत नाही, तसंच हे. तीन-तीन, सहा-सहा महिन्यांचे रिपोर्ट तारखेने लावून पाहावे लागतात.

ते वाचताना दहाच्या पटीत विचार करा. २ कोटींवरून २ लाखांवर आला म्हणजे शंभर पट उतरला. ही मोठी घट आहे, जरी ‘अजून दोन लाख’ ऐकून पोटात गोळा येत असला तरी. उलट ३,०००वरून ४,५००वर गेला तर तो बदल तपासणीच्या नेहमीच्या फरकातही बसू शकतो. रक्त शक्य तोवर एकाच लॅबमध्ये द्या, म्हणजे पद्धतीचा फरक मध्ये येत नाही.

आकडा आतापर्यंतच्या सर्वांत खालच्या पातळीपासून दहा पटींनी वर गेला, तर पहिला प्रश्न चुकलेल्या गोळ्यांचा. टेनोफोव्हिरला न जुमानणारा विषाणू प्रत्यक्षात क्वचितच दिसतो. गोळ्या संपल्या, एसटी चुकली, लावणीच्या दिवसांत दवाखान्यात जाणं झालं नाही, घरात पाहुणे असल्याने डबी लपवून ठेवली, ही कारणं जास्त खरी असतात. ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. नाहीतर चालू असलेलं चांगलं औषध विनाकारण बदललं जाईल.

उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. टेनोफोव्हिर जेवणाआधी-नंतर कधीही चालतं. एन्टेकाव्हिर मात्र रिकाम्या पोटी लागतं: खाल्ल्यावर दोन तासांनी, आणि त्यानंतर दोन तास काही खायचं नाही.

व्हायरल लोड ‘सापडला नाही’ असा आला. आता गोळ्या बंद?

नाही. रक्तात सापडत नसला तरी यकृताच्या पेशींच्या केंद्रकात विषाणूची मूळ प्रत दडून असते. आपल्या मनाने गोळी सोडली तर तो पुन्हा उसळतो, आणि कधी ती उसळी जिवावर बेतते. सिरॉसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) असेल तर धोका फारच मोठा.

थांबवण्याचा विचार करताना एचबीएसएजीचं मोजमाप पुन्हा उपयोगी पडतं. तो १०० आययू प्रति मिलीच्या खाली गेलेला असेल तर औषध थांबवल्यावर आजार उलटण्याची शक्यता बरीच कमी असते. पूर्ण नाहीसा झाला तर उत्तमच, पण गोळ्यांवर हे वर्षाला १००पैकी एखादीच्याच वाट्याला येतं. एचबीव्ही आरएनए आणि एचबीसीआरएजी या नव्या तपासण्यांवर संशोधन चालू आहे. रोजच्या उपचारांसाठी त्यांच्यावर पैसे खर्चू नका असं मी सांगेन.

केवळ बाळासाठी गोळी सुरू केली होती आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांनी ती थांबवली, तर पुढचे सहा महिने एसजीपीटी तपासत राहा. बाळंतपणानंतर शरीराची प्रतिकारशक्ती पुन्हा पूर्वपदावर येते, तेव्हा एसजीपीटी एकदम चढू शकतो. बाळाच्या लसीसाठी जाल तेव्हा स्वतःचंही रक्त द्या.

फिब-४ आणि एप्री हे काय असतं?

यकृतात जखमेचे व्रण किती झालेत याचा साध्या रक्ततपासण्यांवरून काढलेला अंदाज. फिब-४साठी वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखीच यकृताची दुसरी तपासणी) करायचं आणि त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी भागायचं. वय ४८, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १,५०,००० असतील तर २,८८० भागिले १,२००, म्हणजे २.४. साधारणपणे १.४५च्या खाली काळजी कमी, ३.२५च्या वर जास्त. ही बाई मधल्या पट्ट्यात, म्हणून फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घेणं योग्य. एप्री काढताना एसजीओटीला त्याच्या वरच्या मर्यादेने (इथे ४०) भागून, १००ने गुणून, प्लेटलेटने भागायचं: उत्तर १. हिपॅटायटिस बीमध्ये ०.५च्या वरचा एप्री हे उपचार सुरू करण्याचं पुरेसं कारण आहे.

गरोदरपणात हे हिशेब करू नका. प्लेटलेट आपसूक थोड्या उतरतात, अल्ब्युमिन पातळ होतं, वारेमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज चढतं. यकृत चांगलं असूनही आकडे घाबरवतात.

मला हिपॅटायटिस सी आहे. लॅबवाले ‘आयएल-२८बी’ नावाची जनुकीय तपासणी सुचवतात. करू का?

आता गरज नाही. २००९मध्ये माणसाच्या १९व्या गुणसूत्रावरचा हा फरक सापडला तेव्हा तो फार महत्त्वाचा होता. त्या काळी इंटरफेरॉन आणि रायबाव्हिरिन हाच उपचार होता, आणि ‘सीसी’ प्रकारच्या लोकांत तो इतरांच्या जवळपास दुप्पट यशस्वी व्हायचा. त्याच काळात हेही दिसलं की पाळी चालू असलेल्या बायकांना तो उपचार बरा लागू पडे आणि पाळी गेल्यावर यश घसरे.

सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या आल्यावर हे चित्र पालटलं. बहुतेकांना १२ आठवडे सोफोसबुव्हिर-डाक्लाटासव्हिर किंवा सोफोसबुव्हिर-वेलपाटासव्हिर घ्यावं लागतं आणि १००पैकी ९५च्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात, पाळी चालू असो वा गेलेली. आपल्या देशात जास्त आढळणारा जनुकप्रकार ३ आणि त्यासोबत सिरॉसिस असेल तर यश थोडं कमी, म्हणून प्लेटलेट, अल्ब्युमिन, बिलिरुबिन नीट पाहून औषध आणि मुदत ठरवतात. कधी रायबाव्हिरिन जोडावं लागतं. त्याने हिमोग्लोबिन उतरतं, आणि आपल्याकडे आधीच ९-१० हिमोग्लोबिनवर घर-शेत ओढणाऱ्या बायका कमी नाहीत, म्हणून सुरू करण्याआधी आणि मग दर थोड्या आठवड्यांनी ते मोजा. रायबाव्हिरिन गर्भाला घातक आहे. ते चालू असताना आणि संपल्यावर काही महिने दिवस राहू देऊ नका; नवरा ते घेत असेल तरीही.

सुरू करण्याआधी एचबीएसएजीही तपासलेला हवा. सी दबला की लपलेला बी उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली याबद्दल ठळक इशारा दिला.

बरं झाल्याचा पुरावा म्हणजे औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी एचसीव्ही आरएनए (रक्तातला सी विषाणू) न सापडणं. शेवटच्या गोळीच्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट धरायचा नाही. अँटी-एचसीव्ही (सीविरुद्धची प्रतिपिंडं) मात्र नंतरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येत राहतो. पुढे एखाद्या शस्त्रक्रियेआधी तो पाहून कुणी ‘आजार आहे’ म्हणालं, तर आरएनएचा रिपोर्ट दाखवा.

पाळी गेल्यावर टेनोफोव्हिर घेणं हाडांना वाईट का?

साधं टेनोफोव्हिर काहींत मूत्रपिंडावर आणि हाडांच्या घनतेवर परिणाम करतं. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि लघवीतली प्रथिनं तपासत राहतात. हाडं आधीच ठिसूळ असतील तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हे पर्याय विचारा.

पावसात डोळे पिवळे झाले, एसजीपीटी हजारावर गेला. गोळ्या फेल गेल्या का?

बहुधा नाही. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरतं तेव्हा हिपॅटायटिस ए आणि ई पसरतात. चिखलात लावणी करणाऱ्यांना लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) होतो. त्यात कावीळ, सडकून ताप आणि पोटऱ्या दुखणं असतं, पण एसजीपीटी सहसा इतका चढत नाही. म्हणून ए, ई, लेप्टो यांच्या तपासण्या आणि व्हायरल लोड, सगळं एकदम बघायला हवं. व्हायरल लोड दबलेलाच असेल तर तुमचं औषध काम करतंय, कावीळ दुसऱ्या कारणाची आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. अशा बाईला घरी ठेवू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन सासूबाई बऱ्या झाल्या. मीही घेऊ?

सासूबाईंची कावीळ ए किंवा ईची असेल, तर ती बहुतेकांत आपणहून उतरते, औषध घेतलं तरी आणि न घेतलं तरी. तुमचा बी किंवा सी तसा जात नाही. भुईआवळ्यावर १९८८ साली चेन्नईच्या संशोधकांनी आशादायक निष्कर्ष मांडले होते, पण पुढच्या अभ्यासांत ते टिकले नाहीत. घरातल्या मोठ्यांचं मन मोडवत नसेल तरी गोळी सोडू नका, आणि काय घेतलंत ते डॉक्टरांना सांगा, कारण काही पाल्यांनीच एसजीपीटी चढतो आणि मग दोष औषधाला जातो.

या तपासण्यांचा खर्च आम्हाला कसा परवडणार?

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात बी आणि सीच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करा. आशाताईंना सांगितलंत तर त्याही वाट दाखवतील. खासगी लॅबमध्ये व्हायरल लोड देत असाल तर रक्त घेतल्यावर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा करून थंड ठेवतात का, ते विचारा. उन्हात गाडीतून फिरलेल्या नमुन्यातला आकडा भरवशाचा नसतो.

घरच्यांनीही तपासायचं का? ताट-वाट्या वेगळ्या ठेवू?

ताट-वाट्या वेगळ्या करण्याची काहीही गरज नाही. हा विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. जेवणातून किंवा शिवण्यातून नाही. या गैरसमजापायी बायकांना माजघराबाहेर बसवलेलं पाहिलं की फार वाईट वाटतं. ब्लेड, नखं कापायचं यंत्र, दात घासायचा ब्रश एवढं वेगळं ठेवा.

नवऱ्याची आणि मुलांची तपासणी कराच. नवरा मुंबईला असेल तर गणपतीत गावी येईपर्यंत थांबू नका, तो तिथेही रक्त देऊ शकतो. आणि माहेर विसरू नका. तुम्हाला हा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून आलेला असेल तर तो तुमच्या आईत आणि भावंडांतही असू शकतो. ज्यांचा एचबीएसएजी निगेटिव्ह आहे आणि लस झालेली नाही, त्यांनी तीन डोस घ्यावेत: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. नवऱ्याने शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासावं. ते १० किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण मिळालं. कमी आलं तर लसीचा क्रम पुन्हा एकदा द्यावा लागतो, आणि तोवर निरोध वापरावा.